जुन्या रेल्वे डब्यांचे जतन व जीर्णोद्धार

वाहतुकीतून निवृत्त झालेले रेल्वेचे डबे ऐतिहासिक पुरावा म्हणून सांभाळून ठेवणे यास जतन म्हणतात आणि काळाच्या ओघात मोडकळीस आलेला किंवा बदललेला डबा पूर्वीच्या एखाद्या निश्चित अवस्थेत परत आणणे यास जीर्णोद्धार म्हणतात. ही कामे सामान्यतः रेल्वे संग्रहालयांत व त्यांना जोडलेल्या कर्मशाळांत चालतात. ती परस्परपूरक असली, तरी एकच नव्हेत. पुष्कळदा ती परस्परविरोधीही ठरतात. जतनात आहे ते टिकविण्यावर भर असतो, तर जीर्णोद्धारात काही भाग काढावा व काही नवा घालावा लागतो आणि काढलेल्या भागाबरोबर त्यावरील इतिहासाच्या खुणाही जातात. कोणता डबा ठेवावयाचा, तो कोणत्या काळातील म्हणून दाखवावयाचा आणि त्यातील किती भाग बदलावयाचा, हे या विषयातील तीन मूलभूत प्रश्न होत. त्यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याचा विचार सर्वांत कमी झालेला आहे.

रेल्वेच्या इतिहासलेखनात एंजिनाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे डब्याला मिळाले नाही. एंजिन धातूचे असते, त्याला क्रमांक असतो, क्वचित नावही असते आणि त्याच्याभोवती जिव्हाळा लवकर निर्माण होतो. डब्याचे आयुष्य याहून निराळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तो मुख्यतः लाकडाचा असे आणि निकामी ठरताच त्याची बुडाची लोखंडी चौकट व चाके तेवढी मोलाची मानली जात. लाकडी सांगाडा जाळून लोखंड वेगळे काढण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होती. यातून जे जुने डबे वाचले, ते बहुधा राजेरजवाड्यांचे होत. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील संग्रहालयात (स्थापना १९७५) राणी ॲडिलेड हिचा १८४२ चा डबा आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीसाठी १८७५ मध्ये बांधलेला डबा, बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा डबा आणि म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा डबा पाहावयास मिळतात. असे डबे वर्षातून थोडेच दिवस धावत, उरलेला काळ छपराखाली उभे असत व त्यांच्या देखभालीसाठी माणसे नेमलेली असत. याउलट तिसऱ्या वर्गाचा डबा रोज धावे आणि पूर्ण झिजेपर्यंत धावे. ज्या डब्याचा वापर सर्वांत अधिक लोकांनी केला तोच सर्वांत आधी नाहीसा झाला, असा हा विपरीत प्रकार आहे. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. तिला १४ डबे व ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन एंजिने होती व तिच्यातून सु. ४०० पाहुण्यांनी प्रवास केला. त्या गाडीची एंजिने राहिली नाहीत, डबेही राहिले नाहीत.

कल्याण परिसर : एखाद्या प्रदेशातून कोणकोणत्या प्रकारचे डबे धावले व त्यांतील किती उरले, हे पाहण्यास कल्याणपासून बदलापूर–नेरळकडे जाणारा लोहमार्ग उपयुक्त आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा (जी. आय. पी. रेल्वेचा) मार्ग १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला. तेथे त्याला दोन फाटे फुटले. एक ईशान्येस कसाऱ्याकडे व थळ घाटाकडे गेला; दुसरा आग्नेयीस आजच्या विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवरून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडील मार्गाला मिळाला. उल्हासनगर हे शहर या दोन फाट्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. त्याच्या कॅम्प १ या भागातील रहिवाशाला कसारा मार्गावरील शहाड हे स्थानक जवळचे, तर इतर कॅम्पांतील बहुतेकांना कर्जत मार्गावरील स्थानके जवळची पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सु. लाखभर निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा देण्यात आला आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मुंबईपासून सु. ५८ किमी. अंतरावरील या वसाहतीला रोजगारासाठी लोकलगाडीचाच आधार होता. अंबरनाथ व बदलापूर येथील गिरणी कामगार, कारकून व छोटे व्यापारी यांचीही स्थिती हीच होती. या लोकांच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे एंजिन नव्हे. रोज जाऊन-येऊन कित्येक तास ज्यात उभे राहावे लागे तो डबा, हीच त्यांची रेल्वे होय.

या मार्गावरील पहिले डबे चारचाकी होते. लोखंडी किंवा लाकडी तळचौकटीवर सागवानी खांबांचा सांगाडा उभारून त्याला फळ्या जडवीत व छतावर ताणलेल्या किंतानावर सफेद्याचा रंग देत. सर्वांत खालच्या वर्गाच्या डब्यांत एके काळी बाकेही नसत. उतारू उभ्याने किंवा खाली बसून प्रवास करीत. पहिल्या वर्गाच्या डब्याला उन्हापासून बचाव म्हणून दुहेरी छत व खिडक्यांना झिलमिल्या असत. दिवे तेलाचे असून ते छताला पाडलेल्या भोकातून वरून आत सोडीत. पुढे वायूचे व नंतर विजेचे दिवे आले. डबे लांबत गेले आणि चार चाकांऐवजी प्रत्येक टोकास स्वतंत्रपणे वळणारी बोगी बसविण्यात येऊ लागली. भारतात पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धावली. त्याच वर्षी जी. आय. पी. रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. १९२९ मध्ये कल्याणहून बोरघाटमार्गे पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाले. त्यासाठी ठाकुर्ली येथे चोळा वीजघर उभारण्यात आले.

याच मार्गावर १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ (डेक्कन क्वीन) सुरू झाली. तिच्या प्रत्येकी सात डब्यांच्या दोन मालिका होत्या. एक रुपेरी रंगाची व किरमिजी पट्ट्यांची, दुसरी गडद निळी व सोनेरी रेघांची. तळचौकटी इंग्लंडमध्ये तयार झालेल्या असल्या, तरी डब्यांचे सांगाडे जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा कर्मशाळेत बांधण्यात आले होते. मुंबईतील सुतार, लोहार व रंगारी यांच्या कौशल्याचा तो एक उत्तम नमुना म्हणावा लागेल. प्रारंभी तिला केवळ पहिला व दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग १९५५ मध्ये जोडण्यात आला. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यात बांधलेले पोलादी डबे आले आणि जून २०२२ मध्ये त्यांचीही जागा नव्या बनावटीच्या डब्यांनी घेतली. या गाडीचे नाव, तिची ख्याती आणि भोजनयानाची परंपरा ही जनमानसात व रेल्वेच्या व्यवहारातही काळजीपूर्वक जपली गेली आहेत. ते योग्यही आहे; मात्र गाडीचे जतन आणि डब्याचे जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येते. नाव पुढच्या गाडीला देता येते. माटुंग्याच्या सुताराने रंध्याने गुळगुळीत केलेली फळी पुढच्या डब्याला देता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात डब्यांचे स्वरूप झपाट्याने बदलले. पेरांबूरचा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला. त्यातून बाहेर पडलेल्या संपूर्ण पोलादी डब्यांमुळे अपघातातील प्राणहानी कमी झाली व लाकडी डब्यांचा काळ संपुष्टात आला. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. निवृत्त लाकडी डब्यांपैकी काहींना रेल्वेच्याच अंतर्गत कामांत दुसरे आयुष्य मिळाले. अपघात-मदत गाडीतील सामानाचा डबा, रूळदुरुस्तीच्या टोळीचे फिरते निवासस्थान, कोठाराची खोली अशा रूपांत ते आणखी काही दशके टिकले. संग्रहालयांना आज मिळणारे जुने सामान्य डबे बहुधा याच मार्गाने आलेले असतात. इंग्लंडमध्ये जुन्या डब्यांचे सांगाडे शेतावरील खोपटी व कोंबड्यांची खुराडी म्हणून विकले गेले आणि पन्नास-साठ वर्षांनी हौशी मंडळींनी ते शोधून पुन्हा चाकांवर चढविले. उपेक्षेनेच त्यांचे रक्षण केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

संग्रहालये : भारतात रेल्वे संग्रहालयाची कल्पना प्रत्यक्षात येण्यास बराच काळ लागला. नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथे ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते संग्रहालयाची कोनशिला बसविण्यात आली व १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते खुले झाले. मायकेल सॅटो या ब्रिटिश रेल्वे-अभ्यासकाचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. देशभरातील शेडे व भंगारतळ हिंडून जमविलेली एंजिने व डबे येथे एकत्र आले. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ चे एंजिन व पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी ही त्यांतील विशेष प्रसिद्ध होत. म्हैसूरचे रेल्वे संग्रहालय १९७९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या वरळी भागातील नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात जुनी वाहने मांडलेली आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वास्तूतही मध्य रेल्वेच्या ऐतिहासिक वस्तूंचे दालन आहे. ही वास्तू २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्या फलाटांवरून सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या डब्यांतून माणसे उतरली, त्या डब्यांना मात्र तसे संरक्षण कोणत्याही कायद्याने मिळालेले नाही. इमारत जागेवर राहते व डोळ्यांसमोर असते, डबा हलवून नेता येतो; त्यामुळे त्याच्या नाशाची दखल घेतली जात नाही.

जीर्णोद्धाराची पद्धती : डबा हाती आल्यावर पहिले काम हत्याराचे नसून लेखणीचे असते. डब्याची सर्व मापे घेऊन आराखडे काढणे, प्रत्येक बाजूची छायाचित्रे घेणे, तळचौकट, आसपेट्या, बिजागऱ्या व कुलपे यांवर ओतलेली किंवा ठोकलेली अक्षरे टिपून घेणे, याला कित्येकदा काही महिने लागतात. कर्मशाळेच्या नोंदवह्या मिळाल्या, तर डब्याची दुरुस्ती कधी व का झाली हे समजते. त्या न मिळाल्यास डबा हाच स्वतःचा दस्तऐवज असतो. छतात बुजविलेली गोल भोके तेलाच्या दिव्यांची साक्ष देतात. फळ्यांवरील स्क्रूंच्या रिकाम्या ओळींवरून पूर्वीच्या बाकांची व आडभिंतींची जागा ठरविता येते आणि शौचकूप मागाहून बसविलेला आहे काय, हेही कळते. रंगाचा छोटासा चौकोन थराथराने घासत नेल्यास अगदी आतील अस्तरापर्यंतचे सर्व रंग क्रमाने दिसतात. म्हणून जुना रंग वाळूच्या झोताने किंवा तीव्र क्षाराने एकदम काढून टाकणे हा जीर्णोद्धारातील सर्वांत मोठा प्रमाद समजला जातो. तथापि तोच सर्वांत जास्त घडतो, कारण त्यामुळे काम झाल्यासारखे दिसते.

त्यानंतर तळचौकटीकडे वळतात. डबा उचलून चाके व बोग्या अलग केल्या जातात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यांतील पत्रा व कोन-लोखंड गंजून पापुद्रे सुटलेले असतात. पूर्वीचे सांधे रिव्हेटांचे असत. त्यांच्या जागी विद्युत् झाळकाम करणे सोपे व स्वस्त असते, परंतु त्यामुळे बांधणीचा काळच बदलतो. तापवून लाल केलेली रिव्हेट भोकात घालून तिचे दुसरे टोक ठोकून बसविण्याचे काम करणारे कारागीर आता विरळ झाले आहेत. आसपेटीत तेलाने भिजविलेल्या सुताचा बोळा असे व तो कोरडा पडला की आस तापून पेट घेई. प्रदर्शनार्थ उभ्या असलेल्या डब्यातही ही पेटी उघडून स्वच्छ करून पुन्हा तेलाने भरणे आवश्यक असते, अन्यथा आस आतून गंजते. पाट्यांच्या कमानींवरचा भार काढण्यासाठी दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या डब्याखाली ठोकळे देतात.

खरी कसोटी लाकडी सांगाड्याची. जुना बर्मी साग टिकाऊ असला, तरी खांबांची तळाची टोके कुजतात. पाणी छतातून शिरते, खिडकीच्या पोकळीतून खाली उतरते आणि तळाच्या आडव्या तुळईत मुरते. वरून फळी चकचकीत दिसत असताना आतील कुसू भुगा झालेला असतो. अशा वेळी संपूर्ण खांब बदलण्याऐवजी कुजलेला भाग तेवढा तिरकस कापून, त्याच जातीच्या व त्याच रेषेच्या लाकडाचा जोड देणे योग्य होय. जोडावर आतल्या बाजूस वर्षाचा आकडा कोरतात, म्हणजे मूळ भाग कोणता व नवा कोणता याविषयी पुढील अभ्यासकाची फसगत होत नाही. सागाऐवजी प्लायवूड वापरल्यास बाहेरून फरक दिसत नाही, परंतु काही पावसाळ्यांतच त्याचे थर सुटू लागतात. पितळी स्क्रूंच्या जागी लोखंडी स्क्रू घातल्यास गंज चढून सभोवतालचे लाकूड काळे पडते. छतावरील किंतान ताणून, त्याखाली व वर सफेद्याचे थर देऊन ते जलाभेद्य करीत. शिशाचा अंश विषारी असल्यामुळे आता त्याऐवजी इतर लेप वापरतात. आतील बैठकांत काथ्या किंवा घोड्याचे केस भरलेले असत, काही डब्यांत वेताचे विणकाम असे. वेत विणणारे कारागीर अजून आढळतात; डब्याच्या खिडकीची झिलमिली दुरुस्त करणारा सुतार शोधावा लागतो.

कोकण व ठाणे भागांत या कामाला हवामानाची अडचण आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्यानंतर ऑक्टोबरचे कडक ऊन येते. ओले लाकूड फुगते, वाळताना आकसते, रंगाला चिरा पडतात व पुढच्या पावसात पाणी त्या चिरांतून आत जाते. वाळवी व बुरशी यांचा उपद्रव निराळाच. उघड्यावर चबुतऱ्यावर उभा केलेला लाकडी डबा अशा हवेत फार काळ टिकत नाही. म्हणून जीर्णोद्धारावर खर्च करण्यापूर्वी डब्यावर साधे छप्पर घालावे, असे या विषयातील जाणकार सांगतात. तीन बाजूंनी मोकळे पत्र्याचे छप्पर हे कोणत्याही रंगकामापेक्षा स्वस्त व अधिक परिणामकारक असते. परंतु छपराचे उद्‌घाटन होत नसल्यामुळे की काय, त्यासाठी पैसा मिळणे अवघड जाते.

कोणत्या काळाचा डबा? : सत्तर वर्षे धावलेला डबा सत्तर वर्षांत अनेकदा बदललेला असतो. तो बांधला गेला त्या दिवसाच्या रूपात दाखवावयाचा, की निवृत्त झाला त्या दिवसाच्या? पहिल्या पर्यायात मधल्या सर्व फेरफारांचा पुरावा काढून टाकावा लागतो. दुसऱ्या पर्यायात प्रेक्षकाला मळका, ठिगळे लावलेला डबा पाहावा लागतो. वास्तूंच्या संदर्भात १९६४ च्या व्हेनिस सनदेने सर्व काळांतील भर मोलाची मानावी असे तत्त्व मांडले. रेल्वेच्या संदर्भात २००५ मध्ये युरोपातील जुन्या रेल्वेमार्गांच्या संघटनेने स्वीकारलेल्या रिगा सनदेने त्या तत्त्वाचा अनुवाद केला, तथापि गाडी चालविणे हाही वारशाचाच भाग असल्याचे मान्य केले. चालविण्याने झीज होते हे मात्र कोणतीही सनद टाळू शकत नाही. राजस्थानात १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’ या गाडीला प्रारंभी संस्थानिकांचे खरे जुने डबे जोडलेले होते. नियमित फेऱ्यांचा भार व प्रवाशांच्या अपेक्षा यांपुढे ते फार काळ टिकले नाहीत व पुढे त्यांची जागा जुन्या धर्तीच्या नव्या डब्यांनी घेतली. एखादा प्रकार एकमेव उरला असेल, तर तो चालवू नये; एकाहून अधिक नमुने असतील, तर एक चालवावा व एक अस्पर्श ठेवावा, ही मध्यममार्गी भूमिका बहुतेक संग्रहालयांनी स्वीकारली आहे.

विद्युत् गाड्यांचा प्रश्न : मुंबई विभागातील विद्युतीकरण १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाचे होते. त्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथील कारखान्याच्या आराखड्यावरून घाटातील मालगाड्यांकरिता एकूण ४१ एंजिने तयार झाली. तीन भागांत जोडलेले शरीर व चाकांना फिरविणाऱ्या आडव्या दांड्या यांमुळे कामगारांत ते ‘खेकडा’ म्हणून प्रसिद्ध होते. बोरघाटाच्या १:३७ चढावर या एंजिनांनी सहा दशके काम केले. त्यांपैकी मुंबईचे तत्कालीन राज्यपाल सर लेस्ली विल्सन यांचे नाव असलेले एंजिन दिल्लीच्या संग्रहालयात आहे. अशा एंजिनाच्या जतनात एक चमत्कारिक अडचण उद्‌भवते. मुंबई विभागातील वीजपुरवठा २००६ पासून टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात बदलण्यात आला व एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील एकदिश प्रवाहाची अखेरची गाडी धावली. त्यामुळे ज्या मार्गासाठी खेकडा बांधला, त्या मार्गावर तो यापुढे स्वतःच्या शक्तीने हलू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये त्याच घराण्यातील काही एंजिने अद्याप चालवून दाखविली जातात, कारण तेथील वीजपुरवठ्याचा प्रकार बदललेला नाही. वाफेच्या एंजिनाला कोळसा व पाणी कोठेही देता येते. विजेच्या एंजिनाचे जतन करावयाचे, तर त्याच्या डोक्यावरील तारेचेही जतन करावे लागते.

उपनगरी डब्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र आहे. १९२५ पासून २०१६ पर्यंत एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या लोकलगाड्यांच्या अनेक पिढ्या मुंबईत होऊन गेल्या. प्रथम विलायती, पुढे कलकत्त्याच्या जेसप कारखान्यात व पेरांबूर येथे बांधलेल्या. सामान्य लांबपल्ल्याच्या डब्याहून त्या रुंद (३.६६ मी.) होत्या. उभ्याने प्रवास करणारे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली होती. असा डबा संग्रहालयाला नको असण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. तो २० मी. लांब, जागा फार अडवणारा असतो. त्याच्या विद्युत् सामग्रीत ॲस्बेस्टससारखे अपायकारक पदार्थ असू शकतात व ते काढण्यास प्रशिक्षित माणसे लागतात. शिवाय त्यात पाहण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. लाकडी वा पत्र्याचे बाक, छताला लोंबणाऱ्या कड्या, दाराजवळचा उभा दांडा. परंतु कड्यांची घासून पांढरी पडलेली धातू, हातांनी चकाकी आलेला दांडा, बाकाच्या पाठीवर कोरलेली नावे यांतून उल्हासनगरच्या बराकीतून मुंबईच्या बाजारात कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या निर्वासिताचा इतिहास जेवढा कळतो, तेवढा तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या डब्यातून कळणार नाही. या बराकींपैकी बहुतेकांच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या पिढीच्या जीवनाचा दुसरा साक्षीदार तो डबाच होता. अशा डब्याचा जीर्णोद्धार करताना बाके नव्याने रंगविणे व दांडा गंजरहित पोलादाचा बसविणे म्हणजे जे दाखवावयाचे तेच पुसून टाकणे होय. येथे केवळ जतनच हवे.

अरुंदमापी डबे : आकाराने लहान असल्यामुळे अरुंदमापी मार्गांवरील डबे तुलनेने अधिक प्रमाणात वाचले. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू ही स्थानके ओलांडल्यावर येणाऱ्या नेरळपासून माथेरानपर्यंतचा सु. २० किमी. लांबीचा व ६१ सेंमी. रुंदीचा मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबातील अब्दुल हुसेन यांनी बांधला. तो १९०७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तीव्र वळणांवर फिरू शकणारी त्यावरील मूळची चार वाफेची एंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन व कोपेल या कंपनीने पुरविली होती. त्यांतील एक दिल्लीच्या संग्रहालयात, तर एक ब्रिटनमध्ये आहे. हा मार्ग स्वतःच एक चालते संग्रहालय आहे. परंतु त्यामुळेच तेथील डब्यांना उतारूंची सुरक्षितता व जुन्या रूपाचे रक्षण या दोन्ही कसोट्यांना उतरावे लागते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला व शताब्दीवर्षात, २००७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे व २०१९ मध्ये पावसामुळे तो पुन्हा बंद पडला; ऑक्टोबर २०२२ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी पूर्ववत धावू लागली. दर वेळी चाके, कमानी व गतिरोधक यांत सुधारणा करणे भाग पडले आणि ते योग्यच होते. मूळ डब्याचे रूप मात्र त्या प्रमाणात दुरावत गेले.

बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण याहून वेगळे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ७६ सेंमी. रुंदीचा हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी व बार्शी रोड (कुर्डुवाडी) यांदरम्यान सुरू केला. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या तळचौकटी व हलका आसभार यांमुळे त्याचे डबे त्या काळी जगात नमुनेदार मानले जात. भारतात पाठविण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम टाकलेल्या रुळांवर त्यांची चाचणी घेण्यात आली होती. मार्ग पुढे पंढरपूर, लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथवर वाढला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी एवढी होई, की त्यांना मालडब्यांतूनही नेण्यात येई. १९५४ मध्ये तो शासनाकडे आला व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे रुंदमापीत रूपांतर पूर्ण झाले. अभियांत्रिकीच्या इतिहासात या डब्यांना जे स्थान आहे, ते पाहता त्यांचा एखादा संपूर्ण संच, वारकऱ्यांच्या मालडब्यासह, कुर्डुवाडीच्या कर्मशाळेतच छपराखाली ठेवला गेला असता तर उचित झाले असते.

नागपूर येथील मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले, तेव्हा सातपुडा भागातील अरुंदमापी गाड्या चालू होत्या. नागपूर–छिंदवाडा मार्ग २०१५ मध्ये व नागपूर–नागभीड मार्ग २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद झाला. मार्ग चालू असतानाच संग्रह सुरू झाल्यामुळे डब्यांबरोबर त्यांची अवजारे, सुटे भाग व सांकेतिक सामग्री एकत्र मिळू शकली. शिवाय ते डबे दुरुस्त करणारे कारागीर त्या वेळी मोतीबागेच्या कर्मशाळेत कामावर होते.